जी आत्याबाई

२० फेब्रुवारी, गुरुवार. दिंद्रुड

आलो एकदाचा. तेलगावच्या चौकापासून इथवर आमची एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं अशा अदबीनं चालली होती की जणू वरातीत सामील झाली आहे. शेजारच्या आजोबांनी नाव, गाव, जात, पगार आणि गळ्यावरची आडवी खूण, या क्रमानं चौकशी केली. गळ्याचं विचारल्यावर म्हटलं, गाठ होती, काढली. त्यांनी समाधानानं मान हलवून मला मूठभर शेंगदाणे दिले.

वीस वर्षं अंबाजोगाईला शाळेत संस्कृत शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुलं उरली होती, दोन मार्कांसाठी आणि एक चुकून. मग वार्ताहर झालो. आता त्रेपन्नाव्या वर्षी संपादकांनी माजलगाव, दिंद्रुड, तेलगाव हा पट्टा माझ्या हवाली केला आहे. कारखाने, धरणाचं पाणी, कापूस, आणि शिवाय दर बुधवारी आरोग्य पुरवणीत एक लेख, कारण कचेरीत सलग चार परिच्छेद लिहिणारा त्रिंबक, म्हणजे मी, एकटाच, असं ते म्हणतात. पगार वाढवायचा नसला की ते असंच गोड बोलतात.

जागा मात्र छान मिळाली. पेठेतल्या गल्लीत दोन मजली सिमेंटचं घर. खाली पूर्वी भुसार दुकान होतं. आता त्याचं शटर कायमचं बंद आणि मागच्या दोन खोल्या माझ्या. वर मालकीणबाई शांतादेवी, सत्तरीपुढच्या, गुडघे गेलेले, दोन वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघराच्या छतात उजेडासाठी चौकोन मोकळा ठेवून त्यावर लोखंडी जाळी बसवली आहे. ट्रंक टेकवतो तोच जाळीतून आवाज आला, आलात का, माठ भरून ठिवलाय, आधी पाणी प्या. आकाशवाणी माझ्याशी इतकं घरगुती बोललेली ही पहिलीच वेळ.

गोळ्यांची बाटली खिडकीत ठेवली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, नुसत्या पाण्यासोबत, पुढं तासभर तोंडात काही नाही. गळ्यातली ग्रंथी काढली तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गोळी चुकली तर दोन दिवसांत काही होणार नाही, पण दोन-तीन महिन्यांत तुम्ही चुली­तल्या निखाऱ्यासारखे विझाल, आणि विझताना तुम्हालाच कळणार नाही. मागच्या आठवड्याचा रिपोर्ट उत्तम आहे. तेजश्रीला, म्हणजे माझ्या लेकीला, नाशिकला फोन करून तसं कळवलं. तिची आई गेल्यापासून माझी हेडमास्तर तीच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी साडेसहाला जाळीवर टकटक. चमच्यानं चार वेळा. मग थांबून हाक, शिवांजली, अगं शिवांजली. परत चार. असं पाच मिनिटं चाललं आणि मग वर शांत झालं.

बायनाबाई दोन्ही मजल्यांचा स्वयंपाक करते. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, शिवांजली ही सून. लई गुणाची पोर. वारून दोन हिवाळे झाले. म्हातारीचे गुडघे दुखायचे, म्हणून ती वरून चमचा वाजवायची आणि सून इथं, ह्याच चुलीपाशी, जी आत्याबाई म्हणायची. आता सून न्हाई, पण म्हातारीला सवय हाय. मग पीठ मळणं थांबवून मला म्हणाली, सर, तुमी काय बी करा, पण तिला ओ देऊ नका. मी विचारलं, कावून. तिच्याच बोलीत 'का' विचारल्याबद्दल ती हसली आणि परत पीठ मळायला लागली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिली ओ. काय करणार. सत्तरीची बाई रोज सकाळी रिकाम्या स्वयंपाकघराला हाका मारते आणि मी खाली दात घासत उभा. तिसऱ्या दिवशी मला ते पाहवलं नाही. थट्टेतच, पण मनापासून म्हटलं, जी आत्याबाई.

वर चमचा थांबला. मग हसण्याचा आवाज. मग जाळीच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं आणि दोरीला बांधलेली छोटी बादली खाली आली. तिच्यात पेलाभर गरम दूध आणि कागदात एक पांढरी गोळी, हाडांची, त्यांच्या स्वतःच्या औषधातली. बायनाबाईनं त्यांना माझ्या गोळीचं सांगितलं असणार. वरून म्हणाल्या, ती गळ्याची गोळी गरम पडती, नुसत्या पाण्यावर घेऊ नका, दुधासंगं घ्या. मी म्हटलं, बरं.

डॉक्टरांच्या सूचनेत दूध बसत नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या पेल्यावर साय होती, आणि इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी दूध तापवलं नव्हतं. एका दिवसानं काय होतं.

१ मार्च, शनिवार

बुधवारसाठी लेख लिहिला, विषय अर्थात स्वतःचाच गळा. थायरॉइडचं मराठी नाव अवटु ग्रंथी. संस्कृतात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ग्रंथी तर आहे पुढं. नाव ठेवणारा बहुधा रुग्णाच्या पाठीमागं उभा होता. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, तीन खारकांएवढं. श्वासनलिकेवर पंख पसरून बसलेलं फुलपाखरू. मिठातलं आयोडीन उचलायचं, त्यातून संप्रेरक बनवायचं, रक्तात सोडायचं, एवढाच तिचा उद्योग. पण ते संप्रेरक शरीरातल्या प्रत्येक पेशीला सांगतं की किती वेगानं जगायचं. हृदयानं किती ठोके घ्यावेत, अंगात किती ऊब धरावी, आतड्यांनी किती घाई करावी, डोक्यानं किती चटकन आठवावं, सगळं तिच्या हुकमात.

वाचकाला समजावं म्हणून याच घराचा दाखला दिला. वरच्या मजल्यावर, मेंदूच्या तळाशी, पीयूषिका नावाची सासू बसलेली असते. ती खाली हाक मारते. रक्ताच्या रिपोर्टात टीएसएच म्हणतात ती ही हाक. खालची सून जी म्हणते, म्हणजे संप्रेरक सोडते. जी वर पोचली की सासू गप्प. जी क्षीण आली की हाक चढते. साधारण चारच्या आत असायला हवी ती दहा होते, चाळीस होते, शंभर होते. सासूला खाली उतरता येत नाही. तिला फक्त हाक मारता येते. खाली सून आहे का नाही, हेही तिला दिसत नाही. माझ्यासारख्याकडं तर खाली कोणी उरलेलंच नाही. माझ्या वतीनं रोज एक गोळी जी म्हणते. उसनी जी. पण वर ती पोचते आणि सासूचं समाधान होतं.

बायनाबाईच्या नातीनं लेख शांतादेवींना वाचून दाखवला. त्यांनी जाळीतून विचारलं, ह्यात सासूचं लई आलंय, मला नावं ठिवली का काय. मी म्हटलं, छे, तुमच्यावरच सगळं शरीर चालतं. खूश झाल्या. साय दुप्पट आली.

१८ मार्च, मंगळवार

रोजचा क्रम बसला आहे. टकटक, जी आत्याबाई, बादली, दूध, दोन्ही गोळ्या. आधी पाण्यानं माझी गोळी घेईन असं रोज ठरवतो, पण जाग नेमकी चमच्यालाच येते.

तीन किलो वाढलो. बंकट, जो चहा विकतो आणि आमचा पेपरही टाकतो, म्हणाला, शास्त्रीबुवा, म्हातारीनं तुम्हाला जावयासारखं पोसलंय की. गल्लीत लोक गच्चीवर झोपायला लागलेत आणि मला पहाटे सोलापुरी चादर लागते. धरणाच्या पाण्यावरची बातमी लिहायला चार तास लागले. सिंदफणा हा शब्द आठवेना. नदी डोळ्यांपुढं दिसत होती, नाव येत नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

माजलगावला बाजार समितीच्या बातमीसाठी गेलो, तसंच रक्तही दिलं. टीएसएच बारा. फेब्रुवारीत दोन पूर्णांक आठ होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी कशासोबत घेता. मी म्हटलं, पाण्यासोबत. का खोटं बोललो, कळलं नाही. तोंडातून आपोआप निघालं.

तेजश्री म्हणते, बाबा, तुमचा आवाज जड झालाय, थंडीत घसा बसल्यासारखा. मी म्हटलं, चाळीस डिग्रीत कसली थंडी. चादर पांघरूनच बोलत होतो.

एक गंमत नोंदवून ठेवतो. आज जाळीवर चमचा बारा वेळा वाजला. मी जी म्हटलं होतं, पण त्यांना ऐकू गेलं नसावं.

३ एप्रिल, गुरुवार

मालकीणबाईंचा मुलगा योगीराज आज गाडी घेऊन आला. त्याचं माजलगावला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. आईला पुण्याला नेतोय, गुडघ्यांचं ऑपरेशन, दोन महिने तिकडंच. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, दूध घेत जा. वरच्या कुलपाची किल्ली योगीराजनं माझ्याकडं दिली.

गाडीत बसण्यापूर्वी तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि भिंतीपाशी उभा राहिला. मी न विचारताच बोलला. शिवांजलीला गळ्याचीच तक्रार होती, ग्रंथी मंद झालेली. गोळी चालू होती. पण हे घर लिंगायत, त्यांच्यात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत, गोळीही नाही. पूजा झाली की आई म्हणायची, गोळी गरम पडती, आणि दूध द्यायची. पोरीची हाडं दुखतात म्हणून स्वतःची हाडांची गोळीही द्यायची. डॉक्टर विचारायचे, गोळी रोज घेता का. ती म्हणायची, घेते. खरंच घ्यायची. दुधातलं आणि हाडांच्या गोळीतलं कॅल्शियम त्या औषधाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही, हे नंतर कळलं. डोस दोनदा वाढवला. आईनं पेलाही मोठा केला.

एका डिसेंबरच्या सकाळी तो लातूरला गेलेला. आईनं वरून चमचा वाजवला. त्या आठवड्यात सुनेची जी उशिरा यायची, त्या दिवशी आलीच नाही. आईला वाटलं, रुसलीय. दीड तास वाजवत बसली. बायनाबाई आली तेव्हा शिवांजली ह्या भिंतीला टेकून, चादर पांघरून बसलेली होती. डोळे उघडे. अंग माठासारखं गार. दवाखान्याच्या वाटेवर गेली. एकोणतीस वर्षांची होती. योगीराज म्हणाला, आईला कोणी सांगितलं न्हाई, दुधाचं. तुमी बी सांगू नका.

मी मान हलवली. माझ्या हातात सकाळचा रिकामा पेला होता.

४ एप्रिल, शुक्रवार

साडेपाचचा गजर लावून उठलो. गोळी नुसत्या पाण्यानं घेतली. आता दूध पाठवायला वर कोणी नाही, तेव्हा प्रश्न मिटला. स्वतःच्या मूर्खपणावर बुधवारी लेख लिहीन. उदाहरणादाखल वार्ताहर.

५ एप्रिल, शनिवार

साडेसहाला जाळीवर चमचा वाजला.

आधी वाटलं, वानर. इथं असतात. किल्ली घेऊन वर गेलो. कुलूप तसंच. आत खाट, देव्हारा, गॅसची शेगडी, सगळं आवरून झाकलेलं. जाळीपाशी चमचा पडलेला होता. उचलून फडताळात ठेवला. दांडी गरम होती, पण एप्रिल आहे, पत्र्याखाली सगळंच तापतं. वर पत्रा नाही, स्लॅब आहे, हे खाली आल्यावर लक्षात आलं.

हाक मारणारी पुण्याला गेली. हाक इथंच राहिली आहे.

८ एप्रिल, मंगळवार

आज बादली खाली आली. दूध गरम, वर साय, कागदात हाडांची गोळी. वरचं कुलूप लावलेलं. दोनदा जाऊन पाहिलं. दूध मोरीत ओतलं. ओतताना थोडं अंगावर सांडलं, आणि तेवढ्या भागाला बरं वाटलं. बाकी सगळ्या अंगाला थंडी.

बायनाबाईला विचारलं. ती म्हणाली, तुमी ओ दिली ना सर. आता खाली कुणीतरी हाय, असं वरच्याला कळलंय.

१४ एप्रिल, सोमवार

दूध रोज ओततो. इथं समासात रोज लिहिलंय, गोळी घेतली, पाण्यानं. अक्षर माझंच.

आज आरशात पाहिलं तर मिशीला साय लागलेली. बाटली ओतून गोळ्या मोजल्या. चार तारखेपासून अकरा कमी व्हायला हव्या होत्या. दोनच कमी आहेत.

मग रोज पहाटे मी काय गिळतो?

२३ एप्रिल, बुधवार

लेख गेला नाही. संपादकांनी विचारलं. बरं आहे म्हणालो. त्यांनी हे विचारलंच नव्हतं.

पारा बेचाळीसवर. मी चादरीत. भुवयांच्या बाहेरच्या टोकांचे केस गळाले. पायाचं कातडं वाळलेल्या उसाच्या पाचटासारखं. हे सगळं मीच त्या लेखात लिहिलं होतं, हसत हसत.

बायनाबाईनं काम सोडलं. दारातूनच बोलली. सकाळी ती आली तेव्हा वर चमचा वाजत होता आणि खालून कुणीतरी ओ देत होतं, बाईमाणसावानी, लई हळू. तिनं खिडकीतून पाहिलं. मी भिंतीला टेकून बसलेलो. तोंड माझं हलत होतं. म्हणाली, सर, हात जोडते, हे घर सोडा.

मला त्यातलं काही आठवत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

घर सोडायचं ठरवलं. पिशवी भरली. स्टँडवर बसलो. तेलगावची एसटी आली. उठायचं ठरवलं. गेली. दुसरी आली. तीही. बंकटनं संध्याकाळी हाताला धरून घरी आणलं. वाटेत विचारलं, शिवांजलीला कुठं ठेवलंय. म्हणाला, त्यांच्या मळ्यात. त्यांच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरतात. मांडी घालून, भोवती विभूती आणि मीठ.

तोंडाला दिवसभर मिठाची चव आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

बंकटनं माजलगावला नेलं. रक्त दिलं. रिपोर्ट फोनवर आला. चौऱ्याहत्तर.

भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीवर कागदाखाली एक फाईल सापडली. शिवांजलीचे रिपोर्ट. बारा. अडतीस. चौऱ्याहत्तर. शेवटचा, शंभरहून अधिक. त्यावरची तारीख आठ डिसेंबर. ती गेली दहा तारखेला.

आज सकाळी चमचा किती वेळा वाजला ते मोजलं होतं. लिहीत नाही.

४ मे, रविवार

जी म्हटलं नाही की हाका वाढतात. दुपारीसुद्धा. भर दोनला, उन्हात, गल्लीत चिटपाखरू नसताना. जी म्हटलं की थोडं थांबतं. थोडंच. माझी जी वर पोचत नाही आता. आवाजच नाही.

गोळी हातात घेतो. मग विसरतो की हातात का घेतली.

८ मे, गुरुवार

डॉक्टरांनी तेजूला फोन केला. तेजूनं मला. रडत होती. बाबा, आजच्या आज दाखल व्हा. मी म्हटलं, बरं आहे. ती कामानं परराज्यात अडकलीय, रविवारी पहाटे पोचते आहे. तोवर बंकट दवाखान्यात नेईल. रविवारपर्यंत टिकायचं. एवढंच काम. तीन दिवस — नुसत्या पाण्यानं — तीन गोळ्या.

९ मे

बंकट जीप घेऊन आला. उंबऱ्यापर्यंत गेलो. चमचा वाजला. पाय वळले. तो म्हणाला, कसला आवाज, मला तर काय बी ऐकू येत न्हाई, चला की शास्त्रीबुवा. ओढायला लागला. मी दार लावून घेतलं. कडी घातली. मी घातली का — हात माझाच होता —

त्याच्यावर ओरडलो, दाराबाहेरून तोच सांगत होता. बाईच्या आवाजात.

१० मे

ती आहे. भिंतीपाशी. दिसत नाही. जागा गार आहे, बसलेल्या माणसाएवढी. मी तिथंच बसतो. दुसरीकडं बसता येत नाही.

तिची चूक काहीच नव्हती. रोज घेतली गोळी. रोज जी म्हणाली. कुणी ऐकलं नाही की आवाज — बारीक होत —

आता कळतं. ती मला ओढत नाही. ती थकली आहे. दोन वर्षं ओ देऊन — कुणीतरी जागा घ्यावी —

गोळी उशाला. पाणी उशाला. पहाटे तेजू.

११ मे रविवार

उजाडलं. गोळी जिभेवर आहे. पाण्याचा तांब्या दूर. हात जाईल — जातोय —

बादली आली. गरम वाफ. किती ऊब —

नाही. पाणी.

चमचा वाजतो आहे. थांबतच नाही. शंभरच्या पुढं मोजता येत नाही.

दार वाजतंय. दारच. बाबा. बाबा, मी आलेय, कडी काढा. तेजू. तेजूच आहे. बंकटही. नुसती ओ द्या बाबा, आत आहात ना, नुसती ओ —

आहे. आहे मी बाळा.

एकच ओ उरली आहे अंगात. एकच. जपून ठेवली होती. तुझ्यासाठी. तोंड उघडतो —

वरून हाक. इतकी मोठी. शिवांजली —

तेजू, थांब, आधी तुला — तुलाच —

जी आत्याबा